शेजारी राष्ट्रांमधील वायुवाहिन्या आणि आंतरराष्ट्रीय करार : एक विवेचन

बीजसंज्ञा : वायुवाहिनी, पारगमन, आंतर-शासकीय करार, लवाद, सार्वभौमत्व, जमीन वापरहक्क

प्रस्तावना :

नैसर्गिक वायू एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात वायू सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजाने नेला जातो. दुसऱ्या मार्गात तो जमिनीखाली किंवा समुद्रतळावर टाकलेल्या पोलादी वाहिनीतून दाबाखाली वाहून नेला जातो. या दोन मार्गांतील फरक केवळ तांत्रिक नाही. जहाजाला वाटेत आपले बंदर बदलता येते; एका ग्राहकाने माल नाकारला तर तो दुसऱ्याला विकता येतो. वाहिनीचे तसे नसते. एकदा ती जमिनीत गाडली की विक्रेता, ग्राहक आणि मधला देश हे तिघेही पुढील पंचवीस-तीस वर्षांसाठी परस्परांशी बांधले जातात. वाहिनी उचलून अन्यत्र नेता येत नाही. म्हणून पोलादाची ही ताठरता कागदावरील कराराने सांभाळावी लागते.

भारताने १९९० नंतरच्या काळात पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही सीमांवरून वायू आणण्याचे प्रयत्न केले. तथापि सीमेपलीकडून वायू आणणारी एकही वाहिनी अद्याप भारतात पोहोचलेली नाही. असे का घडले, याचे उत्तर केवळ 'शेजाऱ्यांशी असलेले ताणलेले संबंध' एवढ्यावर संपत नाही. अशा करारांची रचना कशी असते, त्यांना आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार किती मिळतो, भारताचा अनुभव काय सांगतो आणि ज्याच्या शेतातून वाहिनी जाते त्याचे या करारात स्थान कोणते, या चार प्रश्नांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एक स्थानिक पूर्वपीठिका :

दुसऱ्याच्या प्रदेशातून जाणाऱ्या पट्ट्यावर कायदा कोणाचा, हा प्रश्न वायुवाहिन्यांपेक्षा जुना आहे आणि धाराशिव जिल्ह्याला तो सर्वस्वी परका नाही. आजचा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारचे बार्शी व सोलापूर ब्रिटिश मुलखात होते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे ती सरहद्द ओलांडून तडवळ्यामार्गे लातूरपर्यंत गेली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. या भागातील कापूस व धान्य याच मार्गाने बाहेरच्या बाजारपेठेत जाऊ लागले.

संस्थानी मुलखातील रेल्वेच्या जमिनीवरील अधिकारक्षेत्र ब्रिटिश सरकारकडे सोपविण्याची पद्धत त्या काळी होती. त्या अधिकाराची मर्यादा कोणती, हा प्रश्न 'मुहम्मद युसुफुद्दीन विरुद्ध क्वीन-एम्प्रेस' या खटल्यात १८९७ मध्येच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. सिमल्याच्या दंडाधिकाऱ्याने काढलेल्या वॉरंटावर हैदराबाद संस्थानातील एका रेल्वे स्थानकात अटक करण्यात आली होती आणि आरोपित गुन्ह्याचा रेल्वेशी काहीही संबंध नव्हता. निजामाने दिलेला अधिकार रेल्वेच्या कामापुरता होता, तो सर्वसाधारण फौजदारी अधिकार नव्हता, असे ठरवून ही अटक बेकायदेशीर मानण्यात आली. प्रबळ सत्तेलाही दुसऱ्याच्या भूमीवर कराराने मिळाले तेवढेच मिळते, हे तत्त्व या निर्णयातून स्पष्ट होते. वायुवाहिनीच्या करारांचा मूळ प्रश्न याच जातीचा आहे.

करारांची रचना :

सीमापार वायुवाहिनी एका करारावर उभी राहत नाही. तिच्यासाठी परस्परांत गुंफलेल्या अनेक करारांची मालिका लागते.

१) आंतर-शासकीय करार : हा राष्ट्राराष्ट्रांमधील करार होय. वाहिनीला संमती देणे, तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणे, करआकारणीची तत्त्वे ठरविणे आणि वायूचा प्रवाह न अडविण्याचे वचन देणे या बाबी त्यात येतात.

२) यजमान शासन करार : ज्या देशातून वाहिनी जाते त्या देशाचे शासन आणि वाहिनी बांधणारी कंपनी यांच्यातील हा करार असतो. जमीन, परवाने, कर व नुकसानभरपाई यांचा तपशील येथे ठरतो. कायदा बदलल्यामुळे गुंतवणूकदाराचे नुकसान झाल्यास शासनाने ते भरून द्यावे, असे 'स्थैर्याचे कलम' बहुधा यातच असते.

३) वायू खरेदी-विक्री करार : यात किंमत, प्रमाण, मुदत आणि वायू नेमका कोठे ताब्यात द्यायचा ते ठिकाण निश्चित केले जाते. ताब्याचे ठिकाण ही वरवर किरकोळ वाटणारी बाब वास्तविक सर्वांत महत्त्वाची ठरते. कारण त्या ठिकाणापर्यंतचा धोका विक्रेत्याचा आणि त्यापुढील धोका ग्राहकाचा असतो.

४) पारगमन करार : मधल्या देशातून वायू वाहून नेण्याचा मोबदला, म्हणजे पारगमन शुल्क, यात ठरते. हे शुल्क रोख रकमेत किंवा वायूच्याच रूपाने दिले जाते.

खरेदी-विक्री करारात 'टेक ऑर पे' या नावाने ओळखली जाणारी एक अट बहुधा आढळते. ग्राहकाने ठरलेला किमान वायू घ्यावा. न घेतल्यास त्याचे पैसे तरी द्यावेत, असा तिचा आशय आहे. वाहिनीवर खर्च झालेले भांडवल परत मिळण्याची हमी बँकांना हवी असते आणि ती या अटीतून मिळते. मात्र ग्राहकाची गरज किंवा ऐपत चुकीची जोखली गेली असेल, तर हीच अट त्याच्या गळ्याशी येते.

महाराष्ट्राला या स्वरूपाच्या बंधनाचा अनुभव दाभोळ प्रकल्पाच्या निमित्ताने आला. तो वायुवाहिनीचा नव्हे, वीजखरेदीचा करार होता; परंतु त्याचे तर्कशास्त्र तेच होते. एन्रॉनप्रणीत दाभोळ पॉवर कंपनीशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला, नंतर फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. तथापि महाग वीज घेणे मंडळाला परवडेना आणि २००१ मध्ये खरेदी थांबली. दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान व अबुधाबी येथून द्रवरूप वायू आणण्याचे करार झाले होते. तेही या वादात अडकले. पुढे परदेशी भागधारकांनी गुंतवणूक-संरक्षण कराराच्या आधारे भारत सरकारविरुद्ध लवादाची कार्यवाही केली आणि तडजोडीने तिचा शेवट झाला. दीर्घ मुदतीचा करार करणारे सरकार आणि तो निभावणारे सरकार अनेकदा वेगवेगळे असते. एकाच राज्यातील कराराची ही गत, तर तीन-चार राष्ट्रांच्या कराराला किती ताण सोसावा लागेल याची कल्पना यावरून करता येते.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार :

वायुवाहिन्यांसाठी जगभर लागू असा एकच कायदा नाही. जे आहे ते विखुरलेले आहे. 'गॅट' कराराच्या पाचव्या कलमात मालाच्या पारगमनाचे स्वातंत्र्य मान्य केलेले आहे. परंतु ते कलम १९४७ सालच्या परिस्थितीत लिहिले गेले आणि वाहिनीतून जाणाऱ्या वायूला ते कितपत लागू होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय भारताला वायू देऊ शकणाऱ्या इराण व तुर्कमेनिस्तान या दोन्ही देशांना जागतिक व्यापार संघटनेचे पूर्ण सदस्यत्व मिळालेले नाही. समुद्रतळावरील वाहिन्यांसंबंधी १९८२ च्या सागरी कायदाविषयक संयुक्त राष्ट्र कराराच्या ७९ व्या कलमात तरतूद आहे.

ऊर्जा-पारगमनासंबंधी सर्वांत स्पष्ट तरतूद १९९४ मध्ये लिस्बन येथे स्वाक्षरी झालेल्या ऊर्जा सनद करारात आढळते. हा करार १९९८ मध्ये अमलात आला. पारगमनाविषयी वाद उद्भवला तरी समेटाची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत मधल्या देशाने चालू प्रवाह तोडू नये, असे त्याचे सातवे कलम सांगते. भारत या कराराचा पक्षकार नाही. पण जे त्याच्या कक्षेत होते त्यांचा अनुभव तरी कसा आहे? जानेवारी २००९ मध्ये रशिया व युक्रेन यांच्यातील वादामुळे युरोपचा वायुपुरवठा सुमारे दोन आठवडे खंडित झाला. युक्रेन कराराचा पक्षकार होता आणि रशिया त्या वेळी तो तात्पुरत्या स्वरूपात लागू करीत होता. तरीही समेटाची ही यंत्रणा वापरली गेली नाही. त्याच वर्षी रशियाने कराराची तात्पुरती अंमलबजावणी थांबविली, तर युरोपीय संघ जून २०२५ मध्ये या करारातून बाहेर पडला. वाहिनी भरलेली राहावी ही गरज दोन्ही बाजूंना सारखीच भासत नसेल, तर कलमाचे बळ तोकडे पडते, असा याचा अर्थ होतो.

भारताचा अनुभव :

इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीची कल्पना १९८९ च्या सुमारास मांडली गेली. वाटाघाटींत किंमत व पारगमन शुल्क यांच्या जोडीला ताब्याच्या ठिकाणाचा प्रश्न कळीचा ठरला. वायू भारत-पाकिस्तान सीमेवर ताब्यात मिळावा, म्हणजे पाकिस्तानातील प्रवासाची जबाबदारी विक्रेत्यावर राहावी, अशी भारताची भूमिका होती. २००८ नंतर भारत या चर्चेतून प्रत्यक्षात बाजूला झाला. इराण व पाकिस्तान यांनी २००९ मध्ये परस्परांत खरेदी करार केला आणि ११ मार्च २०१३ रोजी सीमेवर कामाचा समारंभही झाला. परंतु इराणवरील अमेरिकी निर्बंधांच्या छायेत पाकिस्तानने आपला भाग बांधला नाही आणि हा वाद लवादाच्या उंबरठ्यापर्यंत गेला. दोनच पक्ष असूनही तिसऱ्या सत्तेच्या निर्बंधांनी करार कसा गोठतो, याचे हे उदाहरण आहे.

तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत, म्हणजेच 'तापी' वाहिनीचा करारव्यूह अधिक पूर्ण आहे. ११ डिसेंबर २०१० रोजी अश्गाबाद येथे चार देशांनी आंतर-शासकीय करार केला. मे २०१२ मध्ये भारताच्या वतीने 'गेल' या कंपनीने आणि पाकिस्ताननेही तुर्कमेनिस्तानशी खरेदी करार केले. अफगाणिस्तानचा करार २०१३ मध्ये झाला. सुमारे १,८१४ किलोमीटर लांबीच्या या वाहिनीतून वर्षाला ३३ अब्ज घनमीटर वायू वाहावा आणि भारत व पाकिस्तान यांना प्रत्येकी १४, तर अफगाणिस्तानला ५ अब्ज घनमीटर मिळावा, अशी योजना होती. पंजाबातील फाजिल्का हे तिचे भारतातील टोक. डिसेंबर २०१५ मध्ये तुर्कमेनिस्तानात कामाचा प्रारंभ झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आल्यावर करार करणारे शासनच उरले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेरातकडे जाणाऱ्या भागाचे काम सुरू झाल्याचे जाहीर करण्यात आले. पण त्यापुढे पाकिस्तान ओलांडून भारतात येणे हा निराळाच प्रश्न आहे. तीन युद्धांतून टिकलेला १९६० चा सिंधू जलकरार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केला. या पार्श्वभूमीवर त्याच शेजाऱ्याच्या भूमीतून येणाऱ्या ऊर्जेवर कितपत विसंबावे, याचा विचार करावाच लागेल.

पूर्वेकडील अनुभव कमी चर्चिला गेला असला तरी अधिक बोधप्रद आहे. जानेवारी २००५ मध्ये यांगून येथे म्यानमार, बांगलादेश व भारत यांच्या मंत्र्यांनी बांगलादेशमार्गे वायू आणण्यास तत्त्वतः मान्यता दिली. बांगलादेशाने त्यासोबत नेपाळ व भूतानशी व्यापारासाठी भारतातून मार्ग, तेथील जलविद्युत मिळण्याची सोय आणि व्यापारतूट कमी करण्याचे उपाय मागितले. भारताने हे विषय वाहिनीच्या करारात घेण्याचे टाळले. बोलणी रेंगाळली आणि २०१३ मध्ये म्यानमारचा वायू वाहिनीने चीनला जाऊ लागला. ज्या क्षेत्रांतून हा वायू निघतो त्यांत भारताच्या ओएनजीसी विदेश व गेल या कंपन्यांचाही हिस्सा आहे! मालकीचा वाटा हाती असूनही वाट हाती नसल्याने वायू दुसरीकडे गेला.

याउलट जेथे मधला देशच नव्हता तेथे काम पार पडले. बिहारमधील मोतिहारी ते नेपाळमधील अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पेट्रोलियम वाहिनी सप्टेंबर २०१९ मध्ये, तर सिलिगुडी ते बांगलादेशातील पार्वतीपूर ही १३१.५ किलोमीटरची डिझेल वाहिनी मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. या वाहिन्या वायूच्या नसून तयार इंधनाच्या आहेत आणि त्यांत भारत ग्राहक नसून पुरवठादार आहे, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. तरीही त्यातून एक गोष्ट दिसते : पक्षकार जितके कमी आणि प्रत्येकाची गरज जितकी थेट, तितका करार साधा व टिकाऊ.

मधल्या देशाचे हित :

करार टिकण्याच्या दृष्टीने मधल्या देशाला वायू स्वतःलाही लागतो की त्याला केवळ शुल्क मिळते, हा निर्णायक प्रश्न होय. अल्जीरियाचा वायू मोरोक्कोमार्गे स्पेनला नेणारी वाहिनी १९९६ पासून चालू होती. मोरोक्कोला त्यातून वायूही मिळत असे. तरीही दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटल्यावर ऑक्टोबर २०२१ अखेरीस संपलेला करार अल्जीरियाने पुढे वाढविला नाही, कारण स्पेनकडे जाणारी थेट समुद्री वाहिनी त्याच्या हाती होती. युक्रेनमार्गे होणारे रशियन वायूचे पारगमनही १ जानेवारी २०२५ रोजी कराराची मुदत संपताच थांबले. विशेष म्हणजे मुदत चालू असेतोवर, प्रत्यक्ष युद्धाच्या काळातही, वायू वाहत राहिला होता.

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया, बेनिन, टोगो व घाना या चार देशांनी जानेवारी २००३ मध्ये केलेल्या करारात निराळी वाट निवडली. त्यांनी वाहिनीसाठी चौघांचे एक सामाईक प्राधिकरण स्थापन केले. त्यामुळे पुरवठ्यातील अडचणी नाहीशा झाल्या नाहीत. पण वाद मांडण्यासाठी कायमचे व्यासपीठ मिळाले.

जमीनधारक आणि करार :

उपरोक्त सर्व करारांत राष्ट्रे आहेत, कंपन्या आहेत, बँका आहेत. ज्याच्या शेतातून वाहिनी जाते तो मात्र त्यात पक्षकार नसतो. बाकू-तिबिलिसी-जेहान या तेलवाहिनीच्या यजमान शासन करारांवर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २००३ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. स्थैर्याच्या कलमामुळे नागरिकांच्या हक्कांसाठी नवे कायदे करण्यास शासन कचरेल, असे तिचे म्हणणे होते. त्याच वर्षी कंपनीसमूहाला मानवी हक्कांविषयी लेखी हमी द्यावी लागली.

भारतात वाहिनी देशी असो वा सीमेपलीकडून येणारी, तिच्यासाठी साधारणपणे १९६२ चा पेट्रोलियम व खनिज वाहिन्या (जमीन वापरहक्क संपादन) अधिनियम लागू होतो. आंध्रच्या किनाऱ्यावरील वायू कर्नाटक व महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत नेणारी २००९ मधील पूर्व-पश्चिम वाहिनी किंवा २०१३ मधील दाभोळ-बंगळूर वाहिनी यांचा विचार करताना हाच कायदा समोर ठेवावा लागतो. या कायद्यान्वये जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. घेतला जातो तो वापरहक्क. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत नोंदविता येते. प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम द्यावी लागते. सक्षम प्राधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

तथापि वाहिनीच्या पट्ट्यात इमारत, विहीर, तलाव वा बंधारा बांधता येत नाही आणि झाडे लावता येत नाहीत. ज्या प्रदेशात पाणी मुबलक आहे तेथे हे बंधन सौम्य वाटेल. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विहीर आणि शेततळे यांवरच कोरडवाहू शेतीचे भवितव्य ठरते. दोन-तीन एकरांच्या धारकाच्या शेतात पाणी लागण्याजोगी जागा नेमकी त्याच पट्ट्यात आली, तर बाजारभावाच्या दहा टक्क्यांनी त्या हानीचे मोजमाप होत नाही. कोरडवाहू जमिनीचा बाजारभाव मुळातच कमी असतो, त्यामुळे भरपाईही कमी बसते. गमावलेली शक्यता मात्र बागायतीची असते. गुंतवणूकदाराला तीस वर्षांच्या भावी लाभाचे संरक्षण आणि शेतकऱ्याला केवळ अधिसूचनेच्या दिवसाच्या बाजारभावाचा अंश, ही विषमता आंतरराष्ट्रीय करारांच्या चर्चेत सहसा येत नाही.

निष्कर्ष :

१) वायुवाहिनीचा करार त्यातील शब्दांपेक्षा पक्षकारांच्या परस्परावलंबनावर अधिक टिकतो. प्रवाह थांबल्यास प्रत्येकाचे सारखेच नुकसान होईल अशी रचना असेल, तर शत्रुत्वातही वायू वाहतो. एकाला पर्यायी मार्ग मिळताच करार दुबळा होतो.

२) मधल्या देशाला केवळ शुल्काचा धनी न मानता त्याच्या इतर गरजांनाही वाटाघाटीत स्थान द्यावे लागते. म्यानमारच्या वायूबाबत ही संधी भारताच्या हातून निसटली.

३) ताब्याचे ठिकाण, 'टेक ऑर पे' ची मर्यादा आणि शासन बदलल्यास कराराचे उत्तरदायित्व या तीन बाबी कोणत्याही कराराच्या मूल्यमापनात प्रथम तपासल्या पाहिजेत. दाभोळ व तापी या दोन्ही उदाहरणांतून ही गरज स्पष्ट होते.

४) यजमान शासन करारातील स्थैर्याच्या कलमाने जमीनधारकाच्या संरक्षणाचे कायदे सुधारण्याची वाट अडवू नये. १९६२ च्या अधिनियमातील भरपाई ठरविताना पाण्याच्या गमावलेल्या शक्यतेचे मूल्य धरले जाणे अवर्षणप्रवण भागासाठी आवश्यक आहे.

राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि विधी या चारही विद्याशाखांना जोडणारा हा विषय आहे. राष्ट्रांच्या राजधान्यांत होणाऱ्या स्वाक्षऱ्यांचा अंतिम अर्थ गावच्या शिवारात, एखाद्या गटनंबराच्या नकाशावर ठरतो. करार राष्ट्रांना बांधून ठेवण्यास समर्थ आहे का, हे तपासताना तो त्या गटनंबराच्या धारकाशी न्यायाने वागतो का, हेही तपासले गेले, तरच त्याचे मूल्यमापन पूर्ण झाले असे म्हणता येईल.